या आठवड्यात मी काय बोललो?

इंग्लंडात भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, अंडी-मटण चालतं का हेही विचारलं नाही. मराठी घरमालकाच्या मानाने हे जरा विचित्रच होतं. त्यांनी विचारलं, "मतदार यादीत नाव आहे का?"

"आहे बहुतेक. नगरला."

"तिकडचं नाही गं. इथलं. व्होट रजिस्टर केलंस की नाही?"

"काका, मी वर्क व्हिसावर आहे. इंडियन पासपोर्ट. मला कुठलं आलंय इथे व्होट?"

काकांनी कपाळाला हात लावला. मला स्वयंपाकघरात बसवलं, चहाचं आधण ठेवलं आणि समजावून सांगितलं की कॉमनवेल्थ देशाचा नागरिक या देशात कायदेशीर राहत असेल तर त्याला मत देता येतं. ते स्वतः इतकी वर्षं इथे काढूनही भारतीय पासपोर्टवरच होते आणि एकही निवडणूक त्यांनी चुकवली नव्हती. मग त्यांनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. नाव नोंदवून झाल्यावरच खोलीची किल्ली हातात आली. भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं, आणि तेही मीच काढलं.

मला खरं सांगायचं तर मतदानाचं काडीचंही कौतुक नव्हतं. नगरला असताना मतदानाच्या दिवशी मी झोपून राहायचे. पण खोली चांगली होती, वरच्या मजल्यावर, छताला खिडकी. लीड्सच्या हॉस्पिटलमध्ये मी एक्स-रे काढायचं काम करत होते आणि हे गाव लीड्सपासून ट्रेनने अगदी जवळ होतं. काकांचं स्वतःचं केमिस्टचं दुकान होतं, ते विकून ते घरी बसले होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी ग्लासगोला डॉक्टर, ती दर रविवारी फोन करायची आणि काका तिला आधी तिच्या वॉर्डाची, हॉस्पिटलच्या नाही, निवडणुकीच्या, हालहवाल विचारायचे, मग नातवंडांची. म्हटलं, म्हातारा जरा सटकलेला आहे, पण निरुपद्रवी दिसतो.

त्यांचा खिडक्यांचा नियम मला पहिल्याच एप्रिलमध्ये कळला. इथे निवडणुकीच्या दिवसांत लोक आपल्या उमेदवाराचं पोस्टर घराच्या खिडकीत लावतात. काका सगळ्यांची लावायचे. अट एकच, उमेदवाराने स्वतः दारात यायचं. कार्यकर्ता पाठवला तर खिडकी मिळणार नाही. त्यामुळे आमच्या घराच्या दर्शनी भागावर एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष शेजारी शेजारी नांदत. एकदा खालच्या खिडक्या संपल्या आणि कुत्र्यांच्या घाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका अपक्षाचं पोस्टर माझ्या छतातल्या खिडकीला आलं. ते आकाशाकडे तोंड करून होतं. मी म्हटलं, "काका, हे कोण वाचणार? कबुतरं?"

"तो माणूस चढ चढून आला गं. त्याला खिडकी नाही कसं म्हणू?"

शेजारची मॉरीन म्हणायची की याचं मत कुणाला जातं ते देवालासुद्धा माहीत नसेल. मीही पुष्कळ खोदून बघितलं. काका नुसते हसायचे आणि विषय बदलायचे. मला या गोष्टीचा छंदच लागला. चहा देताना, भाजी चिरताना, मध्येच सहज विचारल्यासारखं करून मी पक्षांची नावं टाकून बघायचे, त्यांचा चेहरा हलतो का म्हणून. हलायचा नाही.

पण त्यांचा खरा दिवस शनिवार. इथले कौन्सिलर, म्हणजे आपल्याकडचे नगरसेवक, शनिवारी सकाळी लायब्ररीत बसतात आणि वॉर्डातल्या कुणीही जाऊन आपलं गाऱ्हाणं सांगायचं, असा रिवाज आहे. त्याला सर्जरी म्हणतात. आमच्या वॉर्डाला एकच कौन्सिलर, पन्नाशीच्या एक गोऱ्या बाई, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. काका शनिवारी दाढी करायचे, टाय लावायचे, बूट पुसायचे आणि निघायचे. मी पहिल्यांदा विचारलं, "काही प्रॉब्लेम झालाय का?"

"छे. सगळं उत्तम."

"मग कशाला चाललात?"

"तिथे हीटिंग चांगलं असतं."

पुढच्या शनिवारी विचारलं तर म्हणाले इंग्रजी सुधारतं. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाले की केमिस्टच्या दुकानात रोज माणसं दिसायची, आता दिसत नाहीत. दर वेळी नवं कारण, आणि दर वेळी तितक्याच गंभीर चेहऱ्याने. शेवटी मला राहवेना. एका शनिवारी सुट्टी होती, मी त्यांच्याबरोबर गेले.

लायब्ररीच्या कोपऱ्यात बाई टेबलाशी बसल्या होत्या. पुढे चारपाच माणसं. कुणाच्या भिंतीला ओल आलेली, कुणाच्या दारातला दिवा बंद. काकांचा नंबर आला. ते खुर्चीत नीट बसले आणि म्हणाले, "गुड मॉर्निंग. या आठवड्यात कौन्सिलमध्ये मी काय बोललो?"

मला वाटलं चुकून बोलले असतील. पण बाईंना सवय होती. त्यांनी चष्मा वर केला आणि सांगायला लागल्या, "मंगळवारी तुम्ही बस स्टॉपच्या छपराबद्दल बोललात. जरा लांबलं, पण बरं झालं. बुधवारी प्लॅनिंगच्या मीटिंगमध्ये तुम्ही गप्प होता."

"का गप्प होतो?"

"कागद वाचून झाले नव्हते."

"बरं नाही हे," काका म्हणाले. "पुढच्या वेळी वाचून जाईन."

घरी येताना मी त्यांना धरलंच. "काका, अहो हे काय? बोलल्या त्या, आणि तुम्ही म्हणता मी?"

"अगं, ती माझ्या वतीने बसते ना तिथे? म्हणजे तिच्या तोंडून मी बोलतो. मग मी काय बोललो ते मला नको कळायला? तूच सांग, तुझ्या नावाने कुणी काही बोलून आलं तर तू विचारणार नाहीस?"

"विचारीन. पण असं दर आठवड्याला जाऊन नाही."

"मग कधी? चार वर्षांनी?"

काकांनी घरी येऊन पिठलं टाकलं, आणि ते ढवळता ढवळता बस स्टॉपच्या छपरावर आपण काय काय बोललो ते मला पुन्हा एकदा ऐकवलं. त्यांना ते भाषण खरंच आवडलं होतं. ज्या शनिवारी बाईंनी काही केलेलं नसे त्या शनिवारी काका गुमसुम असायचे. जेवताना एकदम म्हणायचे, "या आठवड्यात मी काहीच केलं नाही." मग आमचं पिठलंही मुकाट व्हायचं.

त्यांच्या या वेडाचं टोक मी पाहिलं ते मार्केटमधल्या टॉयलेट्सच्या वेळी. खर्च परवडत नाही म्हणून कौन्सिलने ती बंद करायचं ठरवलं. बाईंच्या पक्षाने आपल्या लोकांना हात वर करायला सांगितलं होतं, बाईंनी केला. त्या शनिवारी काका लायब्ररीतून आले ते लाल चेहऱ्याने. जेवले नाहीत. टाय तसाच ठेवून पुन्हा बाहेर पडले आणि गल्लीतल्या प्रत्येक घराची बेल वाजवत सुटले. मी खिडकीतून बघत होते. दार उघडलं की काका टोपी काढायचे आणि म्हणायचे, "सॉरी. मी टॉयलेट्स बंद केली."

लोकांना काही कळेना. एकाने समजूत घातली की असू दे, कडी अडकत असेल. मॉरीनने त्यांना आत बसवून पाणी दिलं आणि मला हाक मारली. इकडच्या बायका कुणालाही लव्ह म्हणतात. "लव्ह, तुमच्या अंकलना डॉक्टरकडे न्या. हे म्हणतात, कौन्सिलमध्ये हात यांनी वर केला."

संध्याकाळपर्यंत ही बातमी बाईंच्या कानावर गेली आणि त्या तरातरा आमच्याकडे आल्या. मी दार उघडलं. मला ओलांडून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. "तुम्ही गावभर माझी शोभा करताय!"

"तुमची नाही," काका म्हणाले. "तुमचं नावसुद्धा घेतलं नाही. मी माझी चूक सांगितली."

"पण हात मी वर केला!"

"कुणाच्या वतीने?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. मी चहा केला, आलं जरा जास्तच पडलं. शेवटी त्या म्हणाल्या की शिक्षिका होते तेव्हा मुलांना सांगायचे, घोळक्यात शिरून हात वर करू नका, आणि त्या दिवशी मी नेमकं तेच केलं. काकांनी त्यांच्यापुढे शेंगदाण्याच्या चटणीची बरणी सरकवली, बिस्किटाबरोबर. ही त्यांची सांत्वनाची पद्धत होती. बाईंनी ती खाल्ली आणि डोळ्यांतून पाणी काढलं, चटणीमुळे.

टॉयलेट्स काही उघडली नाहीत. पण त्यानंतर शनिवारचं रूप बदललं. झालेल्या आठवड्याचा हिशेब संपला की बाई पुढचं विचारायला लागल्या. "गुरुवारी शाळेजवळच्या क्रॉसिंगचा विषय आहे. आपण काय बोलायचं?" हा ‘आपण’ कधी आला ते दोघांनाही कळलं नसावं. काका मग आठवडाभर त्या क्रॉसिंगवर उभे राहायचे, गाड्या बघत. माझं काम सुटलं की स्टेशनवरून येताना मला दिसायचे, थंडीत मफलर गुंडाळून, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचा भाव. मला वाटायचं, या माणसाला आता सोबत मिळाली आहे. प्रेमबीम म्हणा किंवा नका म्हणू. काकू गेल्यावर कोरडा पडलेला आठवडा या शनिवारभोवती पुन्हा ओला झाला होता, हे मला स्पष्ट दिसत होतं आणि मला त्याचा आनंद होता.

आणि मग वॉर्डांच्या सीमा बदलायचं निघालं. माणसं वाढली, कुठे कमी झाली, प्रत्येक कौन्सिलरमागे साधारण सारखे मतदार असावेत म्हणून अधूनमधून या रेघा नव्याने आखतात. नव्या नकाशात आमची गल्ली उचलून रेल्वेच्या पलीकडच्या वॉर्डात टाकली होती. रूळ आमच्या गल्लीच्या शेवटालाच, त्यावर लोखंडी पूल, आणि पुलापलीकडे चार रस्ते आणि कौन्सिलचे, स्वस्त भाड्याचे फ्लॅट्स.

गल्ली पेटून उठली. मॉरीनच्या घरात मीटिंग झाली, मीही गेले. पूल ओलांडून तिकडे जायचं म्हणजे सगळ्यांना जणू पायरी उतरल्यासारखं वाटत होतं. घरांच्या किमती पडतील, असं एक जण म्हणाला. मॉरीन म्हणाली, "ती माणसं वाईट आहेत असं नाही लव्ह, पण ती ती आहेत आणि आपण आपण." चर्चच्या हॉलमध्ये कौन्सिल लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होती आणि ते वर, रेघा आखणाऱ्या कमिशनला कळवणार होती. गल्लीच्या वतीने कोण बोलणार? सगळ्यांनी एकसुरात काकांचं नाव घेतलं. ज्या माणसाला त्यांनी डॉक्टरकडे न्यायला सांगितलं होतं, तोच आता त्यांना हवा होता. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "थँक यू. तुम्ही सांगाल ते बोलेन."

बाई त्याच आठवड्यात घरी आल्या. आढेवेढे न घेता म्हणाल्या, "तुमची गल्ली गेली तर मी पडेन. मागच्या वेळी निवडून आले ती याच गल्लीच्या जोरावर. तुम्ही नीट बोललात तर कदाचित थांबेल."

"माहीत आहे," काका म्हणाले.

"आणि आपले शनिवार..."

"तेही माहीत आहे," काका म्हणाले. वॉर्ड बदलला की त्या त्यांच्या कौन्सिलर राहणार नव्हत्या. मग कुठल्या तोंडाने त्यांनी जाऊन विचारायचं, मी काय बोललो म्हणून?

सभेच्या आधीच्या रविवारी काकांनी मला बूट घालायला लावले. "चल, शीव बघून येऊ." कराडजवळच्या त्यांच्या गावात गावची शीव वर्षातून एकदा चालत जायची पद्धत होती, नारळ घेऊन, शिवेवरच्या देवाला. आमच्या हातात नारळ नव्हता, सँडविचेस होती. आधी जुन्या वॉर्डाची शीव चाललो, मग नव्याची. काका मध्येच थांबायचे, कुठल्या दारातून माणूस बाहेर पडून कुठल्या दिशेने जातो ते बघत बसायचे. पुलावर तर आम्ही इतका वेळ थांबलो की माझी बोटं गारठली. आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून पूल ओलांडत होती. दूध आणायला, बस पकडायला, औषधं आणायला. मॉरीनसुद्धा गेली, केस सेट करायला. आम्हाला बघून तिने हात हलवला.

पलीकडे उतरल्यावर काकांनी भेटेल त्याला टोपी काढून विचारायला सुरुवात केली, "एक्स्क्यूज मी, कौन्सिलमध्ये तुमच्या वतीने कोण बोलतं?" बाबागाडी ढकलणारी एक मुलगी म्हणाली, माहीत नाही. बाकावरचा म्हातारा म्हणाला, कुणी नाही. एका बाईने आम्हाला धर्मप्रचारक समजून दार लावून घेतलं. त्यांचा वॉर्ड तिथून सुरू होऊन पार लांब शेतांपर्यंत पसरला होता, कौन्सिलरही तिकडचाच, आणि हे चार रस्ते म्हणजे वॉर्डाचं शेपूट. तिथे खिडकीत पोस्टर लागलेलं कुणी पाहिलं नव्हतं, कारण कुणी दारात आलंच नव्हतं.

परत येताना पुलावर काका पुन्हा थांबले. मी विचारलं, "मग? काय बोलणार सभेत?"

"गल्लीने सांगितलंय ते."

"नक्की ना?"

"अगं, मला त्यांनी पाठवलंय. माझं मत सांगायला नाही पाठवलं."

मी निश्चिंत झाले. बाई वाचतील, शनिवार वाचतील, पिठलं वाचेल, असं मला वाटलं.

सभेला हॉल भरला होता. बाई पहिल्या रांगेत. बोलणाऱ्यांनी भिंतीलगत रांग लावायची आणि नंबर आला की माइकपाशी जायचं, अशी व्यवस्था होती. काका टाय लावून उभे राहिले, नंबर आल्यावर गेले आणि फार सुंदर बोलले. आमच्या गल्लीची जुनी शाळा, जुने ऋणानुबंध, रूळ ही पिढ्यान्‌पिढ्यांची हद्द, एका समाजाचे दोन तुकडे करू नका, सगळं मुद्देसूद. मॉरीनने जे रागारागाने सांगितलं होतं ते त्यांनी सभ्य करून, धार न घालवता मांडलं. हॉलने टाळ्या वाजवल्या. बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि हसल्या.

काका माइकपासून निघाले. मला वाटलं, येऊन माझ्या शेजारी बसतील. ते चालत हॉलच्या टोकाला गेले आणि रांगेत पुन्हा सर्वांत मागे उभे राहिले.

मी खाणाखुणा केल्या. त्यांनी बघितलं नाही. माणसं बोलत गेली, रांग सरकत गेली. त्यांचा नंबर आला तसे सभा चालवणारे अधिकारी म्हणाले, "सर, तुमचं बोलून झालंय."

"नाही," काका म्हणाले. "ती गल्ली बोलली. मी अजून बोललो नाही."

लोक हसले. अधिकाऱ्यालाही हसू आलं, आणि त्याने हात केला, बोला. काकांनी माइक खाली करून घेतला. मघाशी तो त्यांना उंच पडत होता, तरी त्यांनी हात लावला नव्हता.

"आमची गल्ली जे म्हणाली ते तुम्ही ऐकलंत," ते म्हणाले. "मला ते पटत नाही. आमचं दूध पुलापलीकडे आहे. आमची बस पलीकडे आहे, डॉक्टर पलीकडे आहे. आमचं फक्त मत अलीकडे आहे. पलीकडे चार रस्ते आहेत, तिथल्या माणसांना आपल्या वतीने कोण बोलतं ते माहीत नाही. आम्ही तिकडे गेलो तर त्या चार रस्त्यांचे पाच होतील, आणि मत मागायला कुणाला तरी तिथे यावं लागेल. नवी रेघ बरोबर आहे."

मॉरीन उठून म्हणाली, "अरे देवा, या माणसाला आपण निवडलं?"

काका तिच्याकडे वळले. "तुमचं बोलताना मी एक शब्द कमी केला का? सांगा." मॉरीन खाली बसली. मग काका बाईंकडे न बघता म्हणाले, "इथे एक कौन्सिलर आहेत. त्यांच्याइतकं चांगलं माझ्या वतीने कुणीच बोललेलं नाही. त्या गेल्या तर माझा शनिवार जाईल. त्याचं मला काय वाटतं ते मी इथे सांगणार नाही. पण मला बाई हव्यात म्हणून इतक्या लोकांची रेघ वाकडी काढा, असं मला म्हणता येत नाही. थँक यू."

कुणी टाळी वाजवली नाही. बाई उठून मागच्या दाराने निघून गेल्या. घरी येताना मी काकांवर चिडले होते आणि ते मी त्यांना सांगितलंही. "अहो, पहिलं बोलून झाल्यावर बसला असतात तर काय बिघडलं असतं? कुणी तुम्हाला विचारलं होतं का तुमचं मत?"

"नाही विचारलं," ते म्हणाले. "म्हणूनच रांगेत उभा राहिलो ना."

काकांमुळेच रेघ तशी ठरली असं मी म्हणणार नाही. कमिशनपुढे आणखीही पुष्कळ काही आलं असेल. पण ठरली तशीच. गल्लीने काकांशी बोलणं टाकलं. मॉरीन त्यांची पार्सलं ठेवून घ्यायची, तेही बंद झालं. बाई फिरकल्या नाहीत. काका शनिवारी अजून दाढी करायचे, टाय मात्र लावायचे नाहीत, आणि सकाळभर घरातली घड्याळं पुसत बसायचे. मला ते बघवायचं नाही. मी मुद्दाम शनिवारची ड्यूटी मागून घ्यायला लागले.

मे महिन्यात आम्ही दोघं पूल ओलांडून मत द्यायला गेलो. नवं मतदान केंद्र, नवी नावं. काका पडद्याआड नेहमीपेक्षा जास्त वेळ होते.

मोजणी दुसऱ्या दिवशी दुपारी स्पोर्ट्स सेंटरमध्ये होती. आत उमेदवार आणि त्यांच्या माणसांनाच सोडत होते. काका तरी निघाले, आणि त्यांना एकटं सोडवेना म्हणून मीही. आम्ही कार पार्कमध्ये एका कठड्यावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि बाई एकट्या बाहेर आल्या. कोटाला पक्षाच्या रंगाचं फूल अजून होतं. चेहऱ्यावरूनच कळलं. काका उभे राहिले.

बाईंनी त्यांना बघितलं आणि सरळ चालत आल्या. "तुमच्या गल्लीत घरं आहेत त्याहून कमी मतांनी पडले," त्या म्हणाल्या.

"मला तुमचा किती राग आलाय तुम्हाला माहीत आहे? सभेत सर्वांसमोर! आणि त्यातलं वाईट म्हणजे रेघेबद्दल तुमचं बरोबर होतं. मी भूगोल शिकवलाय, मला कळतं. म्हणून मला तुमच्याशी भांडायलासुद्धा आलं नाही." त्यांचा आवाज चढला. गाडीत बसणारी माणसं वळून बघायला लागली. "आणि तुमचा शनिवार गेला म्हणालात. माझं काय? प्रत्येक मीटिंगला जाताना मी विचार करायचे, हे मी शनिवारी त्यांना कसं सांगू? इतक्या वर्षांत दुसऱ्या एकाही माणसाने मला विचारलं नाही की मी तिथे काय बोलते."

काकांनी टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले. मला त्या दोघांचंही फार वाईट वाटलं. मी थोडी बाजूला झाले, पण ऐकू येत होतं.

बाईंनी नाक पुसलं. "एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा."

"तुम्ही मला कधी मत दिलं होतं का?"

इतकी वर्षं मी हेच काढून घ्यायला टपले होते. काकांनी थोडा विचार केला. खोटं बोलावं की नाही याचा नसावा, ते त्यांना जमायचंच नाही.

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही उभ्या राहिलात त्या दोन्ही वेळा दुसऱ्याला दिलं. पण निवडून तुम्ही आलात."

बाईंनी कोटावरचं फूल काढून खिशात टाकलं.

"या वर्षी तुम्हालाच दिलं असतं," काका म्हणाले. "पडद्याआड बराच वेळ उभा होतो. त्या कागदावर तुमचं नाव नव्हतं."

ते नाव त्या कागदावर येऊ नये असं त्यांनीच हॉलमध्ये दुसऱ्यांदा रांग लावून सांगितलं होतं, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"म्हणजे माझ्या पराभवातलं एक मत तरी कमी झालं असतं," बाई म्हणाल्या, आणि काकांच्या कोटाची बाही धरून रडायला लागल्या.